खिमा रविवारी शिजव, मसाला बुधवारी ठरव

*"काकू, नमस्कार. मी दापोलीला राहते, पतपेढीत नोकरी करते. घरी पोचेपर्यंत पावणेसात होतात. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं, एक दहा वर्षांचा, एक सहाची. एरवी जवळच्या हर्णै बंदराची मासळी असते, त्यामुळे रात्रीचं भागतं. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली की मात्र रोज संध्याकाळी 'आज काय?' नणंद अमेरिकेत असते. ती बीफचा खिमा आणते, तव्यावर टाकते आणि वीस मिनिटांत जेवायला वाढते. व्हिडिओ कॉलवर दाखवते पण. तिचं बघून मी बोकडाचा खिमा तसाच तव्यावर केला. ढीगभर पाणी सुटलं, गोळे झाले, आणि धाकटीला चावेना. सासूबाई म्हणाल्या, खिमा हे रविवारचं काम, घाईत करायची गोष्ट नव्हे. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही. फ्रीज एकच, आणि त्यात देवाचं दूधही असतं. खिम्याचं सोपं रात्रीचं जेवण आमच्यासारख्या घरात जमेल का?"*

अगं, जमेल. आणि तुझ्या सासूबाईंचंही बरोबर आहे, नणंदेचंही बरोबर आहे. चूक कुठे झाली असेल तर ती एवढीच, की तू नणंदेची रीत घेतलीस आणि खिमा दापोलीचा घेतलास.

तिच्याकडे दुकानात जो खिमा मिळतो तो यंत्रातून अगदी बारीक निघालेला असतो आणि त्यात चरबी भरपूर. तिथल्या नियमाप्रमाणे ३० टक्क्यांपर्यंत चरबी चालते, आणि लोक साधारण २० टक्क्यांचा घेतात. तो तव्यावर पडला की स्वतःच्याच चरबीत परततो, दहा मिनिटांत तयार. आपल्याकडचा बोकडाचा खिमा कमी चरबीचा, बऱ्याचदा जून बोकडाचा, आणि कोयत्याने नाहीतर हाताच्या यंत्राने जाडसर केलेला. त्याला दहा मिनिटांत मऊ व्हायला सांगणं म्हणजे सुरमईच्या वेळेत खेकडा शिजवायला घेणं.

बीफचं म्हणशील, तर महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर, दाभोळ-बाणकोटपासून श्रीवर्धनपर्यंत, कोकणी मुसलमान घरांत जो बड्याचा खिमा होतो तो म्हशीचा. चवीला उत्तम, पण त्यात चरबी आणखी कमी आणि धागा जाड. आमच्या शेजारच्या खाला त्याला अर्ध्या किलोला एक चमचा कच्च्या पपईचा कीस चोळून अर्धा तास ठेवतात, आणि मग कुकरला पाच-सहा शिट्ट्या. त्यांच्या हातचा शेपू घातलेला खिमा खाल्लास तर पुढचं पत्र मला नाही, त्यांना पाठवशील. तुमच्या घरी बोकडाचा चालतो, तर मी पुढचं सगळं बोकडाचं सांगते. बड्याचा करणाऱ्यांनी शिट्ट्या वाढवाव्यात, कोंबडीचा करणाऱ्यांनी कुकर लावूच नये, बाकी सगळं तेच.

आता कामाची गोष्ट. मी रत्नागिरीत बरीच वर्षं खानावळ चालवली. दुपारी चाळीस पानं, रात्री तीस, आणि हाताखाली एकच मुलगी. तिथे एक गोष्ट शिकले: वेळ लागतो तो खिमा शिजायला, मसाल्याला नाही. म्हणून खिमा एकदाच शिजवायचा, तोही कोरा, म्हणजे दही, कांदा, आलं-लसूण, मिरची, हळद, मीठ, बस. वाटण नाही, मालवणी मसाला नाही, टोमॅटो नाही. हा कोरा खिमा हाताशी असला की त्याचं ज्या दिवशी जे हवं ते होतं. आधीच खोबऱ्याचं वाटण घातलंस तर चार दिवस तेच तेच खायचं, आणि ओल्या खोबऱ्यामुळे लवकर आंबतोही. सासूबाई म्हणतात ना रविवारचं काम, ते रविवारीच करायचं. त्यांचा मानही राहतो.

खाटकाकडे काय सांगायचं ते आधी ऐक. तुमच्या सहा माणसांच्या तीन रात्रींना सव्वा किलो लागेल. मांडीचा आणि खांद्याचा मिळून घे, नुसता मांडीचा कोरडा पडतो. तयार करून ठेवलेला घेऊ नकोस, मटण निवडून समोर करून घे. आणि धुवायचं असेल तर तुकडे असतानाच धू. खिमा करून मग धुणं ही आपल्या बायकांची जुनी खोड. मी पण करायचे. तुझ्या तव्यात जे ढीगभर पाणी सुटलं, त्यातलं निम्मं नळाचं असणार. खिमा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, ते चाळणीत कितीही निथळलं तरी जात नाही. घरी मिक्सर असेल तर तुकडे आणून, धुऊन, कोरडे पुसून, थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरव. फार बारीक करू नकोस, चिकट लगदा होतो.

गोळ्यांचा उपाय साधा आहे. कच्च्या खिम्यात अर्धी वाटी दही घालून हाताने मोकळा करून घे, अगदी पोहे भिजवल्यावर मोकळे करतो तसा. दही खिम्याच्या कणांमध्ये जाऊन बसतं, मग गरम तेलात पडल्यावर ते एकमेकांना घट्ट धरत नाहीत. आणि मऊही पडतो.

पाच लिटरच्या कुकरमध्ये पाच मोठे चमचे तेल, पाच मध्यम कांदे बारीक चिरून. कांदा चांगला बदामी होऊ दे, घाई इथे करू नकोस. मग चार मोठे चमचे आलं-लसूण, चार-पाच हिरव्या मिरच्या ठेचून, एक चमचा हळद. त्यावर खिमा, आणि गॅस मोठा. पावभाजीचा मॅशर असेल तर तो घे, नसेल तर लाकडी रवीच्या बुडाने दाबत राहा. आठ-दहा मिनिटं. रंग पालटून सगळा राखाडी झाला की दोन लहान चमचे मीठ, अर्धी वाटी कढत पाणी, झाकण. मोठ्या गॅसवर एक शिट्टी, बारीक करून आणखी दोन. वाफ आपोआप जिरू दे.

झाकण उघडल्यावर पाणी दिसेल. घाबरू नकोस, ओतूनही टाकू नकोस, चव त्यातच आहे. उघड्यावर मोठ्या गॅसवर आटव. इथे डोळ्यांपेक्षा कान लाव. आधी खदखद आवाज येतो, ओला, जाड. हळूहळू तो पातळ होतो आणि एका क्षणी खदखद थांबून चरचर सुरू होते. म्हणजे पाणी संपलं, आता खिमा तेलात आहे. कडेला तेल सुटलेलं दिसेल. तिथून दोन मिनिटं परत आणि बंद कर. खानावळीतली मुलगी दुसऱ्या खोलीत भांडी घासत असली तरी आवाज पालटला की तिथूनच ओरडायची, "काकी, सुटलं!"

आता तीन वाटे कर. एक वाटा आज रात्रीचा. दुसरा घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, बुधवारसाठी. शिजवलेला खिमा तीन-चार दिवस नीट राहतो. तिसरा शुक्रवारचा, तो फ्रीझरमध्ये. पण कुकरमधून काढून ओट्यावर विसरू नकोस. परातीत पसरून पंख्याखाली गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. आपल्याकडच्या दमट हवेत खिमा मटणापेक्षा आधी बिघडतो. कच्चा खिमाही आणल्या दिवशीच शिजव, फार तर दुसऱ्या दिवशी. कारण असं, की अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते वरवर असतात, विस्तवाला आधी तेच लागतात. खिमा केला की बाहेरचं आत जातं, सगळीकडे मिसळतं. म्हणून खिमा आतपर्यंत शिजायलाच हवा, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पानात तर नक्कीच. नणंद थर्मामीटर खुपसत असेल, तिथे ७१ अंश सांगतात. कुकरमध्ये त्याहून पुष्कळ वर जातं, तुला काही खुपसायला नको.

फ्रीझरचा वाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने सपाट कर, बोटभर जाडीचा. गोळा करून ठेवलास तर तो दगड होतो आणि रात्री आठ वाजता तू त्याच्याशी मारामारी करत बसतेस. सपाट केलेला चिक्कीसारखा मोडतो. हवा तेवढा तुकडा काढ, तसाच भांड्यात टाक.

तो फ्रीझरमध्येच राहणार, म्हणजे गुरुवारी त्याला कुणाचा हातही लागत नाही. देवाच्या दुधाचं म्हणशील तर बुधवारचा डबा सर्वांत खालच्या कप्प्यात, एका वेगळ्या स्टीलच्या डब्यात डबा असा ठेव, दूध वर. खालीच ठेवायचं दुसरं कारणही आहे, काही गळलंच तर दुसऱ्या कशावर गळत नाही. आमच्या सासूबाईंना तेवढ्यानेही भागलं नव्हतं. त्यांनी डब्यावर लाल दोरा बांधायला लावला, म्हणजे चुकून हात जायला नको. बांधला. कशाला वाद घालायचा?

रविवारी सासूबाईंच्या मनासारखं कर. सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून वाटण, दोन चमचे मालवणी मसाला, एक बटाटा लहान फोडी करून. वाटण तेलात परत, बटाटे घाल, पाणी, बटाटे शिजत आले की कोरा खिमा. वरून दोन आमसुलं. तांदळाची भाकरी. हे सगळं त्यांना करू दे, तू भाकऱ्या थाप. बटाटा उगाच नाही घातला, त्यानेच खिमा पुरवठ्याला येतो. सासऱ्यांचे दात नसतील तर त्यांच्या वाटणीचं रश्शात थोडं घोटून दे.

बुधवारी नणंदेकडचं टाको, म्हणजे पातळ पोळीत भरलेला खिमा, पण आपलं. घावणे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलांना खिमा खायला लावायचा हाच खरा रस्ता आहे. एक वाटी तांदळाच्या पिठाला साधारण दोन वाट्या पाणी, मीठ. पीठ ताकाइतकं पातळ हवं, पळीवरून झरझर ओघळलं पाहिजे. तुम्ही सहा जण, म्हणजे तीन वाट्या पीठ धर. सकाळी डबे भरतानाच कालवून ठेवलंस तरी चालेल, फक्त फ्रीजमध्ये ठेव आणि संध्याकाळी तळापासून ढवळ, कारण पीठ खाली बसतं. बिडाचा तवा चांगला तापू दे, कांद्याच्या फोडीने तेल फिरव, आणि वाटीने पीठ कडेपासून आत ओतत ये. मधे ओतून पळीने पसरलंस तर घावन नाही, धिरडं होईल. जाळी पडली की झाकण, अर्ध्या मिनिटात कडा सुटतात. उलटायची गरज नाही.

ते होईपर्यंत शेजारच्या शेगडीवर कोरा खिमा गरम कर. त्यात ताजी मिरपूड, भरपूर कोथिंबीर, लिंबू. मसाला नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर. मुलांना घावन हातात दे आणि खिमा, बारीक चिरलेला कांदा, काकडी मधे ठेव, म्हणजे त्यांनीच भरून गुंडाळायचं. सहा वर्षांची तुझी सांडेल. सांडू दे, ताटात सांडेल. माझ्या नातवाने पहिल्यांदा खिमा असाच खाल्ला, आणि त्याआधी दोन वर्षं त्याने मटणाचं नाव काढू दिलं नव्हतं. पीठ कालवलेलं असलं तर चुलीपाशी पंचवीस मिनिटं. नणंदेपेक्षा पाच जास्त, पण तिच्याकडे घावन नाही.

शुक्रवारी थकवा सगळ्यात जास्त असतो, म्हणून एकाच भांड्याचं. दोन वाट्या तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजत ठेव. कुकरमध्ये तूप, तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, एक कांदा, असला तर टोमॅटो. त्यात फ्रीझरमधला खिमा मोडून टाक, थोडा मटार, अर्धा चमचा गरम मसाला. बर्फ वितळून चुरचुरलं की निथळलेले तांदूळ, मीठ, साडेतीन वाट्या गरम पाणी, दोन शिट्ट्या. कुकर उघडल्यावर लगेच ढवळू नकोस, पाच मिनिटं बसू दे. बरोबर सोलकढी, झालं. सोलकढीचं नारळाचं दूध काढायला वेळ नसेल तर आमसुलाचं साधं सार कर, कुणी तक्रार करणार नाही.

या तिन्हींना कंटाळलात तर वाटे बदल. कोऱ्या खिम्यात भिजवलेली चण्याची डाळ आणि शेपू चांगला जातो. मेथीही. उकडलेल्या बटाट्यात कुस्करून, रव्यात घोळवून तव्यावर कटलेट, आणि ते पावात. आणि एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळतील तेव्हा मूठभर सोलून घाल, मग बघ. काजूगराची उसळ सगळे करतात, खिम्यात फार कमी लोक घालतात. ही गोष्ट मी खानावळीत कुणाला सांगितली नव्हती.

टोमॅटो सॉस घालून पास्त्याचा खिमा करता येईल का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. येतो. मला आवडत नाही. मुलांना आवडेल.

आता पावसाचं. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस मोठ्या होड्या बंद, हर्णैचा लिलाव बंद. खाडीचं थोडंफार येतं, पण त्याचा भाव तुला मी सांगायला नको. खिमा नेमका याच दिवसांत कामाचा, आणि लाईटही नेमकी याच दिवसांत जाते. लाईट गेल्यावर फ्रीज सारखा उघडून बघू नकोस. बंद दारात फ्रीज साधारण चार तास धरतो, फ्रीझर भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. म्हणून फ्रीझरमध्ये रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. मी एका जुलैत हे केलं नव्हतं. झाड पडून दीड दिवस अंधार, आणि मी दर दोन तासांनी झाकण उघडून "आहे ना गार?" म्हणून बघत होते. दोन किलो खिमा परसात माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरला. माडाचं चांगलं झालं, माझ्या त्या महिन्याच्या हिशोबाचं नाही. वितळून मऊ पडलेला, लाईट येऊन पुन्हा गोठलेला खिमा वासाला ठीक वाटला तरी वापरू नकोस.

श्रावण लागला की तुमचं हे सगळं बंदच होणार. तेव्हा आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात जास्तीचा आणून ठेवू नकोस, "पुढे उपयोगी पडेल" म्हणून. तसा फ्रीझरमध्ये शिजवलेला खिमा दोन-तीन महिने टिकतो. पण महिनाभर सासूबाई फ्रीझर उघडताना रोज त्याच्याकडे बघणार, आणि नंतर तुझ्याकडे.

एक राहिलं. कटलेट करायचं ठरवलंस तर पाववाल्याला सकाळीच सांगून ठेव. पावणेसातला घरी पोचल्यावर दापोलीत ताजा पाव मिळेल या भरवशावर राहू नकोस.